उघडलेल्या छत्रीला टाळ्या नसतात

२०२५ च्या जुलैमध्ये फेलिक्स बाउमगार्टनर इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेला. २०१२ साली जवळजवळ ३९ किलोमीटर उंचीवरून, हेलियमच्या फुग्याखाली टांगलेल्या कुपीतून बाहेर पाऊल टाकणारा हाच तो ऑस्ट्रियन. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या रविवारच्या चहाच्या अड्ड्यावर वाद पेटला. एका मित्राचं म्हणणं, हा कसला साहसवीर? पेयाच्या कंपनीचा पैसा, अंगात अंतराळवीराचा पोशाख, जगभर थेट प्रक्षेपण. खरे उडी मारणारे साठच्या दशकातले, सैन्याने मोडीत काढलेली गोल छत्री, म्हणजे पॅराशूट, पाठीवर टाकून विमानात चढणारे. त्यांचे ते जुने चित्रपट बघा, मग कळेल छाती कशाला म्हणतात. आमच्यातली एक मैत्रीण हाडांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, ते चित्रपट म्हणजे तरण्याताठ्या पोरांना मरणाच्या दारात नेऊन उभी करणारी जाहिरात होती, त्यांचे कसले उमाळे काढता? पुढचा तासभर दोघंही तसूभर हलले नाहीत. आणि हा वाद काही आमच्या टेबलापुरता नाही. स्कायडायव्हिंगच्या जुन्या चित्रपटांचा विषय कुठेही निघाला, की गाडी याच दोन रुळांवरून धावते.

माझ्या मते दोघंही एकाच गोष्टीवर नजर लावून बसली आहेत, ती म्हणजे धोका. एकाला तो हवाहवासा वाटतो, दुसरीला त्याची चीड येते. पण ज्या पिढीने ते चित्रपट काढले आणि जी पिढी ते बघून विमानाच्या दारापर्यंत गेली, तिचा आयुष्यभराचा उद्योग काय होता? तो धोका इंचाइंचाने खरवडून काढण्याचा. या लोकांची आठवण त्यांच्या निधड्या छातीसाठी काढायची आणि त्यांच्या हातातली सुई, कात्री, पट्टे, कड्या विसरायच्या, ही आठवण नव्हे. ती आपल्या सोयीची दंतकथा आहे.

मित्राने बाउमगार्टनरच्या समोर ज्यांना उभं केलं त्यांच्यातलाच एक जोसेफ किटिंगर. अमेरिकन हवाई दलाचा कॅप्टन. १६ ऑगस्ट १९६० रोजी त्याने ३१ किलोमीटरवरून, उघड्या पाळण्यातून उडी मारली. पाळण्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली, ढगांच्या दिशेने लहान लहान होत जाणारी ती पाठमोरी आकृती अनेकांनी पाहिली असेल. 'पूर्वीची माणसं' म्हटलं की हेच दृश्य पुराव्यादाखल पुढे येतं. त्याच्या नऊ महिने आधीची उडी मात्र कुणी दाखवत नाही. नोव्हेंबर १९५९ मध्ये, सुमारे २३ किलोमीटरवरून पडताना स्थिरतेसाठीची छोटी छत्री वेळेआधी सुटली आणि तिची दोरी किटिंगरच्या गळ्याभोवती आवळली. तो भोवऱ्यासारखा फिरू लागला आणि शुद्ध हरपली. तो जगला, कारण ठरावीक उंचीवर आपोआप उघडणारी राखीव छत्री उघडली. शौर्याला तिथे वावच नव्हता. माणूस बेशुद्ध होता. या सगळ्या उड्यांचा हेतूही विक्रमाचा नव्हता. फार उंचावर विमान सोडून बाहेर पडावं लागलेला वैमानिक गरगरत मरू नये, म्हणून बनवलेल्या त्या छोट्या छत्रीची ही चाचणी होती. आता खरं सांगायचं तर हट्ट नव्हताच असं नाही. १९६० च्या उडीत वर जाताना उजव्या हातमोज्यातला दाब गेला, हात सुजत गेला, आणि आपल्याला खाली बोलावतील या भीतीने पठ्ठ्याने ते बराच वेळ सांगितलंच नाही. पण २०१२ मध्ये रॉसवेलच्या नियंत्रण कक्षात बसून बाउमगार्टनरच्या कानात एकेक सूचना सांगणारा आवाज कुणाचा होता? चौऱ्याऐंशी वर्षांच्या किटिंगरचाच. आपण ज्या दोघांची झुंज लावतो आहोत, ते एकाच कामावर होते.

चित्रपटांचंही तेच. १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'रिपकॉर्ड' नावाची मालिका चालली. दोन व्यावसायिक उडीबहाद्दर दर आठवड्याला आकाशातून उतरून कुणाला तरी वाचवतात किंवा पकडतात, असा सगळा मामला. कथानकं बाळबोधच, आज बघवत नाहीत. पण उड्या खऱ्या होत्या, आणि त्या काळच्या कितीतरी अमेरिकन उडी मारणाऱ्यांनी पुढे सांगितलं की सुरुवात या मालिकेने झाली. त्यांना तिच्यात काय दिसलं असेल? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विमानांत वावरणाऱ्यांचाही समज असा होता, की छत्री न उघडता माणूस खाली आला तर वाटेतच त्याची शुद्ध जाईल. १९१९ मध्ये लेस्ली आयर्विनने स्वतःच्या हाताने छत्री उघडून तो खोटा ठरवला, पण सामान्य माणसाच्या मनात 'पडणं' म्हणजे दगडासारखं पडणंच राहिलं. 'रिपकॉर्ड'ने घराघरांत वेगळं काही दाखवलं. पाठीची कमान करून, हातपाय पसरून हवेवर पालथा पडलेला माणूस हवं तसं वळतो, पुढे सरकतो, दुसऱ्यापाशी जाऊन पोहोचतो. म्हणजे पडण्यालाही सुकाणू असतं. बारा वर्षांच्या पोराला दिवाणखान्यात बसून हे कळणं हा धाडसाचा धडा नव्हता, ज्ञानाचा होता. जाक इस्तेलने १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज गावी उड्यांचं प्रशिक्षण केंद्र उघडलंच होतं. टीव्हीने पेटवलेल्या पोरांना जायला एक दार होतं आणि त्या दारात शिकवणारा माणूस होता. हे दुसरं नसतं तर माझ्या डॉक्टर मैत्रिणीशी मी वाद घातला नसता.

आणि ज्या चित्रपटावर सर्वांत जास्त उसासे टाकले जातात तो १९६९ चा 'द जिप्सी मॉथ्स'. दिग्दर्शक जॉन फ्रँकेनहायमर. बर्ट लँकेस्टर, डेबोरा कर, जीन हॅकमन, स्कॉट विल्सन. हवाई कसरती करणारे तिघं कॅन्ससमधल्या एका लहान गावात येतात. आपल्या तमाशाच्या फडासारखाच संसार: गाव, दवंडी, खेळ, पुढचं गाव. लँकेस्टरचा रेटिग हा त्यातला जुना खेळाडू. हातापायांमध्ये ताणलेल्या कापडाचे पंख लावून शेवटच्या क्षणापर्यंत छत्री न उघडण्याचा खेळ तो करतो, आणि एका प्रयोगात छत्री उघडतच नाही. मरतो. त्याच्या अंत्यविधीचा खर्च उभा करायचा म्हणून पुन्हा प्रयोग लावला जातो, आणि त्यात सर्वांत धाकटा तोच पंखांचा खेळ करतो. जगतो, आणि गाव सोडून निघून जातो. हा चित्रपट मृत्यूला कवटाळण्याचं गाणं आहे असं म्हणणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आहे का? मला तर त्यात प्रेक्षकांवरचा आरोप दिसतो. जत्रेला जमलेले लोक छत्री उघडलेली बघायला आलेले नसतात. उघडलेल्या छत्रीला फार तर सुस्कारा मिळतो. तिकीटबारीवर चित्रपट आपटला. आरोप ऐकायला कोण पैसे मोजून येतो? पण पंखांचं दृश्य तेवढं लोकांच्या डोळ्यांत राहिलं आणि अंत्यविधीची वर्गणी गळून पडली. नॉस्टॅल्जिया अशी कात्री चालवतो.

त्या पंखांमागे खरी माणसं होती, हेही लक्षात ठेवायला हवं. क्लेम सोन १९३७ मध्ये पॅरिसजवळ व्हँसेन इथे प्रचंड गर्दीसमोर असेच पंख लावून उतरत असताना गेला. आधी मुख्य छत्री गुंतली, मग राखीव. फ्रेंच लिओ व्हॅलेंटिन लाकडी पंख घेऊन १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या विमानतळावर, पुन्हा अफाट गर्दीसमोर, जवळजवळ तसाच गेला. पंख म्हणजे वेडेपणा होता का? १९९९ पासून फिनलंडच्या यारी कुओस्मा आणि क्रोएशियाच्या रॉबर्ट पेचनिक यांनी बनवलेले पंखांचे पोशाख बाजारात विकत मिळू लागले, आणि आज अमेरिकेत ते घालण्याआधी किमान २०० उड्यांचा अनुभव लागतो. म्हणजे स्वप्न बरोबर होतं. चूक गाठींची, शिवणीची आणि घाईची होती.

आता मित्राच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो म्हणतो, त्या चित्रपटांतल्या प्रत्येक चौकटीची किंमत कुणीतरी मोजलेली होती, म्हणून ती बघताना पोटात कालवतं. आजच्या चित्रफिती हजारोंनी बघितल्या तरी काही होत नाही. हे मला मान्य आहे. बॉब बुकोर हा कॅलिफोर्नियातला आकाशातला छायाचित्रकार. १९६५ मध्ये आर्विन इथे आठ जणांनी हवेत हात धरून पहिल्यांदा कडं केलं, त्या मंडळींतला तो. पुढच्याच वर्षी टोनी कर्टिसच्या 'डोन्ट मेक वेव्ह्ज' या विनोदी चित्रपटासाठी चित्रीकरण करताना तो पॅसिफिक महासागरात उतरला आणि बुडून मेला. एका विनोदी चित्रपटासाठी! ही किंमत ठाऊक असताना जुनी फिल्म निर्विकारपणे बघता येत नाही. पण किंमत मोठी होती म्हणून वस्तू थोर, असा हिशेब करायला मी तयार नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये ओहायोत ढगांवरून अठरा जणांनी उड्या टाकल्या. आपण विमानतळाच्या डोक्यावर आहोत अशी त्यांची समजूत होती. खाली इरी सरोवर होतं. सोळा जण बुडाले. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर त्यांचं विमान म्हणून दुसरंच विमान ओळखलं होतं. या सोळा मृत्यूंत कुठलं काव्य आहे? तिथे ना शौर्य कमी पडलं ना अनुभव. खाली दिसत नसताना उडी मारू नये, एवढंच कमी पडलं. जुन्या काळाची रम्य वर्णनं आपल्यापर्यंत आली ती परत आलेल्यांकडून. उरलेल्यांना आत्मचरित्र लिहायला सवड मिळाली नाही.

मित्राच्या भात्यात आणखी एक बाण आहे, आणि तो त्याला ठाऊक नव्हता, म्हणून मीच काढून देतो. सत्तरच्या दशकात बिल बूथने तीन कड्यांची यंत्रणा बनवली. मुख्य छत्री गुंतली तर एका ओढीत ती संपूर्ण सुटते आणि राखीव उघडायला आकाश मोकळं होतं. त्याआधी दोन खांद्यांवरच्या लोखंडी कड्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागत, तेही जमीन अंगावर धावून येत असताना. आज जवळजवळ प्रत्येक उडी मारणाऱ्याच्या खांद्यावर ही यंत्रणा असते. आणि याच बूथचं एक प्रसिद्ध निरीक्षण आहे: साधनं जितकी सुरक्षित कराल तितका धोका माणसं वाढवतील, मरणाऱ्यांचं प्रमाण काही हलणार नाही. उपहासाने म्हटलेलं असलं तरी खोटं नव्हतं. छत्र्या आयताकृती आणि वेगवान झाल्या, तशी लोकांनी त्या लहान लहान घेतल्या, जमिनीलगत गर्रकन वळणं घ्यायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या दशकात व्यवस्थित उघडलेल्या, ठणठणीत छत्रीखाली माणसं मरू लागली. मग मित्र विचारेल, तुझ्या सुई-कात्रीचा उपयोग काय झाला?

उपयोग आकड्यांत दिसतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं जात. २०२३ मध्ये तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा जण गेले. उड्या वाढल्या, मृत्यू चौथ्या हिश्श्यावर आले. जर्मनीत १९९१ मध्ये आलेल्या 'सायप्रेस' या उपकरणाने, उंची आणि वेग मोजून राखीव छत्री आपोआप उघडण्याचं काम इतकं भरवशाचं केलं, की बेशुद्ध पडलेल्याला किटिंगरचं नशीब आता विकत घेता येतं. 'असलं यंत्र लावणारे कच्चे' अशी कुजबूज सुरुवातीला उडीच्या मैदानांवर होतीच. ती कुजबूज, आणि आज जुन्या चित्रपटांवर सुस्कारे टाकणाऱ्यांचा सूर, मला एकाच गळ्यातून आल्यासारखे वाटतात. माणूस धोका वाढवतो हे बूथचं म्हणणं खरं, पण म्हणून कड्या परत करायच्या नसतात. पुढचा धोका ओळखून पुढची कडी बनवायची असते. त्याने स्वतःही तेच केलं. १९८० च्या दशकात प्रशिक्षकाच्या छातीशी नवख्याला बांधून दोघांनी एकत्र उतरण्याची पद्धत आली, तीही टेड स्ट्राँगच्या आणि बूथच्या कामातून. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहून ज्यांना स्पेनच्या आकाशाची ओढ लागली, त्या आपल्याकडच्या शेकडो हौशी लोकांना कुठल्याही शौर्याशिवाय ढगातून खाली येता येतं ते या पद्धतीमुळे. जुन्या पिढीला हे हास्यास्पद वाटेल असं मित्र म्हणतो. जुन्या पिढीनेच ते शिवलं आहे.

मैत्रिणीचं उत्तर अवघड आहे, कारण तिच्याकडे कार्ल बोनिश आहे. 'जिप्सी मॉथ्स'मधली आकाशातली दृश्यं टिपणाऱ्यांत हा होता. अभियंत्याची नोकरी सोडून तो हेल्मेटवर कॅमेरा बांधून उड्यांचे चित्रपट काढत राहिला. १९७८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्यावरून मारलेल्या उड्या चित्रित केल्या. ती दृश्यं पाहून लोक कड्यांवरून, मनोऱ्यांवरून, पुलांवरून उड्या मारू लागले, आणि बेस जंपिंग नावाचा, स्कायडायव्हिंगहून कितीतरी घातक खेळ उभा राहिला. १९८४ मध्ये नॉर्वेच्या ट्रोलव्हेगेन कड्यावरून पत्नी जीनसोबत विक्रमी उडी मारल्यानंतर काही दिवसांतच तो त्याच डोंगरात मेला. दोन वर्षांनी नॉर्वेने तिथे उड्यांवर बंदीच घातली. चित्रपट दिसला, माणसं गेली: मैत्रिणीचा कार्यकारणभाव सरळ आहे, आणि बेस जंपिंगपुरता तो मी बराचसा कबूल करतो. तिथे जमीन इतकी जवळ असते की दुसरी छत्री उघडायला सवड नसते.

तरी एक प्रश्न उरतोच. एल कॅपिटनवरून पहिल्यांदा उडी १९७८ मध्ये झाली नव्हती. १९६६ मध्ये मायकेल पेल्की आणि ब्रायन शुबर्ट या दोघांनी ती मारली होती, त्या काळच्या गोल छत्र्या घेऊन. त्यांच्यापुढे कुठल्या चित्रपटाचा कित्ता होता? कुठलाच नाही. गोल छत्रीला कड्यापासून दूर जायची अक्कल नसते; वाऱ्याने दोघांना खडकावर आपटलं आणि दोघांचीही हाडं मोडली. बारा वर्षांनी बोनिशची मंडळी गेली ती हवा भरून पंखासारखी ताठ होणारी, दिशा देता येणारी छत्री घेऊन, आधी अभ्यास करून. चित्रपटाने इच्छा निर्माण केली असं आपण धरून चालतो. इच्छा आधीपासून तिथे असते. चित्रपट आंधळ्या इच्छेला पद्धत दाखवतो. कधी मरणाचीही दाखवतो, हे खरं. पण न दाखवल्याने माणूस कड्यावर जायचा थांबतो, याचा पुरावा पेल्की आणि शुबर्टच्या मोडक्या हाडांत तरी सापडत नाही.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दहीहंडीचा वाद आठवा. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांना वीस फुटांची मर्यादा घातली, अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वयाची अट चौदावर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. या सगळ्या वर्षांत 'आमच्या वेळी कुठे होतं हेल्मेट आणि कुठे होता दोर?' असं म्हणणारे जुने गोविंदा आपण ऐकले. ते बोलू शकत होते, कारण ते धडपणे घरी आले होते. आणि खाली उभी असलेली गर्दी? शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. दोर बांधलेल्या गोविंदाने हंडी फोडली तर 'मजा नाही आली' म्हणणारा आणि 'जिप्सी मॉथ्स'मधला कॅन्ससचा प्रेक्षक यांना मी वेगळं ओळखू शकत नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली. आपल्याकडे चर्चा झाली ती साडीची. तो घोळदार काष्टा छत्रीच्या दोऱ्यांत आणि मुठींत अडकू नये म्हणून काय काय करावं लागलं असेल, हा खरा कुतूहलाचा भाग होता.

मग त्या जुन्या चित्रपटांत हळहळण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते माझ्या मित्राला दिसत नाही याचंच मला वाईट वाटतं. तेव्हा हेल्मेटवर बसवत ते दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या बंदुकांबरोबर चालणारे छोटे १६ मिलिमीटरचे कॅमेरे. त्यात पन्नास फूट फिल्म मावायची. सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने ती जेमतेम ८३ सेकंद पुरते. बारा हजार फुटांवरून छत्री उघडेपर्यंतचं पडणं मिनिटभराचं. म्हणजे एका उडीला एक डबी. कधी सुरू करायचं, कुणाकडे बघायचं, किती जवळ जायचं, हे विमानात चढण्याआधी ठरलेलं असावं लागे. टिपणारा माणूस टिपल्या जाणाऱ्यांच्या तोडीचा, किंबहुना काकणभर सरस उडी मारणारा असावा लागे, कारण तेही पडत आहेत आणि हाही पडतो आहे. फिल्म धुवून येईपर्यंत वाट बघायची, मग क्लबच्या भिंतीवर चादर लावून सगळ्यांनी मिळून पुन्हा पुन्हा बघायची: इथे तुझा गुडघा वाकला, इथे तू उशिरा आलास. बुकोरसारख्यांच्या कॅमेऱ्याने आठ माणसांना हवेत कडं करायला शिकवलं, ते असं. त्या कड्यात सामील होणाऱ्याला आजही क्रमांक मिळतो, आणि तो सन्मान बुकोरच्या स्मरणार्थ आहे. ही सावकाश, सामुदायिक, थोडी कंजूष नजर गेली, याबद्दल कुणी उसासा टाकला तर मी त्याच्या शेजारी बसेन. आता कॅमेरा अंगठ्याएवढा झालाय, तो थांबत नाही, आणि म्हणून त्याने टिपलेलं पुन्हा बघितलंही जात नाही.

पुढच्या रविवारी मित्राने त्याच्या घरी 'जिप्सी मॉथ्स' लावला. पहिल्या प्रयोगाचं दृश्य आलं, तिघं विमानाकडे चालत निघाले. मैत्रीण म्हणाली, "थांबव जरा. यांच्या पोटावर हे गाठोडं कसलं बांधलंय?"

मित्र थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"दुसरी छत्री," तो म्हणाला, आणि चित्रपट पुन्हा सुरू केला.